खुर्ची कुठे ठेवायची

ईरी गावात दर मंगळवारी संध्याकाळी
चर्चच्या तळघरात आमचा वर्ग भरतो.
वर बर्फ, खाली बॉयलरची धुसफूस,
आणि कॉफी अशी
की पश्चात्ताप वेगळा शिकवावा लागत नाही.

चालवणारे आम्ही तिघं.
रेव्हरंड लेम्युएल टेट : दोन्ही करार,
आणि फळ्यावर खडूने काढलेली यार्देन नदी,
जी दरवर्षी थोडी आणखी वाकडी वाहते.
विनिफ्रेड कोवाल्चिक : आजाऱ्यांच्या भेटी.
चाळीस वर्षं रात्रपाळीची नर्स. तिचा आवाज
अजूनही कुणीतरी शेजारी झोपलंय असाच निघतो.
आणि मी, जालन्याच्या शलमोन मास्तरांची धाकटी :
हजेरी, झेरॉक्स, किल्ल्या,
शिवाय वर्षातून एकदा 'प्रार्थना' हा विषय,
कारण तो घ्यायला कुणी तयार नव्हतं.

विद्यार्थी चार.
चौघांसाठी इतके दिवे जाळणं परवडत नाही,
असं समितीचं पत्र आलंय.
लेम्युएलने ते डस्टरखाली ठेवलंय.

"खुर्ची," विनिफ्रेड पहिल्याच तासाला सांगायची,
"खिडकीला पाठ करून मांडू नका.
उजेड मागून आला की तुम्ही नुसती सावली दिसता,
आणि त्यांनी सावल्या पुष्कळ पाहिलेल्या असतात.
बसा. उभ्याने बोलतात ते डॉक्टर.
बरं वाटेल म्हणू नका, तुम्हाला काय ठाऊक?
हात धरायचा तर विचारून.
रडायचं ते पार्किंगमध्ये.
आणि येणार नसाल तर
परत येतो म्हणू नका."

मी हे सगळं टाइप करून वाटायचे
आणि मनात हसायचे.
आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे
शहाळी, पलंगाभोवती दहा जण,
आणि प्रत्येकाच्या चुलत्याला नेमका तोच रोग.

फेब्रुवारीत विनिफ्रेड पडली,
दारातलं बर्फ काढताना.
आधी खुबा, मग छातीत पाणी.
पहिल्या भेटीची पाळी ऑर्व्हिल स्टब्सची होती.
जन्मभर ट्रक चालवलेला माणूस.
त्याच्यामागून मी, परीक्षक, हातात तक्ता :
ऐकणं, मौन, निरोप. प्रत्येकी पाच गुण.

त्याने खुर्ची मांडली ती थेट खिडकीसमोर.
मग रस्त्यांबद्दल बोलला. कुठला बंद,
कुठे मीठ टाकलंय, कुठे नाही.
मग रस्ते संपले.
मांडीवरची टोपी खाली पडली आणि तो रडायलाच लागला,
मोठ्याने, इंजिन थंडीत धरत नाही तसा
पुन्हा पुन्हा.

नळ्यांतून विनिफ्रेड म्हणाली, "खुर्ची."

त्याने ती ओढत पलीकडे नेली.
फरशी अशी किंचाळली की शेजारच्या खाटेवरची बाई जागी झाली.
आता त्याचा चेहरा दिसत होता,
लाल, ओला, दाढी न केलेला.
विनिफ्रेडने तो बराच वेळ पाहिला.
मग विचारलं,
"हात धरू का तुझा?"

मी तक्ता घडी करून पर्समध्ये टाकला.
तेवढ्यात तिची नजर माझ्याकडे वळली.
"तुझा विषय," ती म्हणाली.

इंग्रजी सुचेना.
जे तोंडून आलं ते मराठी,
माझं नव्हेच, वडिलांचं,
चष्मा वर सारायला ते जिथे थांबत
तिथे मीही थांबत गेले.
विनिफ्रेडला अक्षर कळलं नाही.
ऑर्व्हिलने दोनदा भलत्याच जागी आमेन म्हटलं.

निघताना दारात तो म्हणाला, "परत ये..."
आणि अडखळला. बोटांवर काहीतरी मोजलं.
"गुरुवारी," म्हणाला. "चार वाजता."
गेलासुद्धा. मी विचारलं नर्सला.

काल मंगळवार.
लेम्युएलने डस्टर उचललं, पत्र वाचलं,
परत तिथेच ठेवलं.
मी सगळे दिवे लावले.
चौघे आले.
ऑर्व्हिल खुर्ची उचलून मध्येच उभा राहिला,
उजेड कुठल्या बाजूने येतो ते बघत.

तळघराला खिडकी नाही.
मी बोलले नाही काही.